‘ख्रिस्ती असूनही’ : कृपा, चर्च आणि मराठीचा वर्ग

२०२० च्या जानेवारीत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरले. (शहराचे नाव तेव्हा हेच होते, धाराशिव ते २०२३ मध्ये झाले.) तुळजापूरहून उस्मानाबाद म्हणजे एसटीने पाऊण तासाचा रस्ता. आमच्या विभागातील प्राध्यापक आणि एम.ए.चे बरेचसे विद्यार्थी तीन दिवस जाऊन-येऊन होते. संमेलनाध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांची निवड जाहीर झाली आणि लगोलग काही हिंदुत्ववादी संघटनांनी एका ख्रिस्ती धर्मगुरूला हे पद कसे, असा आक्षेप घेतला. त्या आक्षेपाविषयी मला इथे फारसे लिहावयाचे नाही. त्याला तेव्हाच भरपूर उत्तरे दिली गेली. माझी तक्रार आहे ती त्या उत्तरांविषयी. ती देणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

आपण काय म्हणालो? फादर ख्रिस्ती असूनही संतवाङ्मयाचे आस्थेवाईक वाचक आहेत. धर्मगुरू असूनही त्यांनी हरित वसईच्या आंदोलनात उडी घेतली. चर्चचे असूनही त्यांचे मराठी किती नितळ! स्टाफरूममध्ये, व्यासपीठावर, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत सगळीकडे हे ‘असूनही’ फिरत होते. २०२४ च्या जुलैत फादर गेले, त्यानंतर मी जे मृत्युलेख वाचले त्यांतही ते पुन्हा भेटले. या एका शब्दाने आपण विरोधकांचे मूळ गृहीतक मुकाट्याने मान्य केले होते : ख्रिस्ती असणे हा मराठी लेखकातला एक डाग आहे, तो पुसता येण्याजोगा आहे, आणि या गृहस्थांनी तो बऱ्यापैकी पुसला आहे. वारकरी असूनही तुकाराम मोठे कवी होते, असे वाक्य आपण कधी लिहितो का? महानुभाव असूनही म्हाइंभटांचे गद्य सुंदर आहे, असे परीक्षेत कोणी लिहिले तर आपण त्याला किती गुण देऊ?

ज्याने दोन दशकांहून अधिक काळ ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ज्याला साहित्य अकादमीने गौरवले ते ‘सुबोध बायबल’च्या अनुवादासाठी, त्या लेखकाची श्रद्धा बाजूला काढून उरते काय? वसईतल्या हिरव्या जमिनीसाठी उभा राहिलेला माणूस आणि वेदीपाशी उभा राहणारा माणूस हे दोन नव्हते. आपल्याला मात्र ते दोन असलेले सोयीचे होते. पहिल्याचा सत्कार करायचा आणि दुसऱ्याविषयी सौजन्याने मौन पाळायचे. हे मौन मला आता सौजन्याचे वाटत नाही. मराठी ख्रिस्ती लेखकांनी जो वाद आयुष्यभर घातला तो न वाचण्याची ती एक पळवाट आहे. तो वाद हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यामधला आहे, असे आपण समजतो. त्याचा गाभा निराळा आहे. देवाची कृपा कोणाच्या मालकीची, आणि ती वाटण्याचे काम हाती घेणाऱ्या संस्थेचे करायचे काय, हा तो वाद आहे.

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात मी विचारले, इंग्रजीतला ‘ग्रेस’ म्हणजे काय? पहिले उत्तर आले : ग्रेसचे मार्क. दुसरे आले : माणिक गोडघाटे. दुसऱ्या उत्तरावर वर्ग हसला. मला मात्र पहिल्यातच जास्त रस होता. ग्रेसचे गुण कसे मिळतात हे विद्यार्थ्यांना माझ्याहून अधिक ठाऊक असते. दोन-चार गुण कमी पडले तर मिळतात, वीस कमी पडले तर मिळत नाहीत. त्यांचा नियम असतो, मर्यादा असते, आणि मिळाले नाहीत तर परीक्षा विभागाच्या खिडकीवर जाऊन भांडता येते. म्हणजे नाव कृपेचे आणि व्यवहार हक्काचा. संत पौलाने जिला कृपा म्हटले ती नेमकी वीस गुण कमी पडलेल्यासाठी आहे. मग मी त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली, जरा आपल्याकडच्या शिवारात आणून. सोयाबीनच्या काढणीला पहाटेपासून राबलेल्या बाईला जेवढी रोजंदारी, तेवढीच दिवस कलताना आलेल्या बाईलाही दिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन म्हणाला, “सर, हा तर सरळ अन्याय झाला.” त्याची आई मजुरीला जाते. तो बरोबर बोलला. गोष्टीतले पहाटेचे मजूरही हेच म्हणतात, आणि मळ्याचा धनी त्यांना जे उत्तर देतो त्याने त्यांचे समाधान झाले, असे गोष्टीत कुठेही म्हटलेले नाही. हिशेब जाणणाऱ्याला कृपा अन्यायासारखीच दिसते.

संस्था मात्र हिशेबावाचून एक दिवसही चालत नाही. हे तुळजापूरकरांना कोणी शिकवायला नको. ‘आई राजा उदो उदो’चा घोष करीत येणाऱ्या भक्ताचे देवीशी काय नाते असते ते त्याचे त्याला ठाऊक, पण त्याच्या आणि मूर्तीच्या मध्ये भोपे पुजारी असतात, पाळीकर असतात, चार मठांचे महंत असतात, जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात तो मंदिर संस्थानचा विश्वस्त कारभार असतो. कोणाची पाळी कधी, कोणाचा वाटा किती, हे पिढ्यानपिढ्यांच्या कागदपत्रांत असते. भक्त स्वतःही काही कमी हिशेबी नसतो. नवस बोलायचा आणि नवस फेडायचा. ‘फेडणे’ हे क्रियापद आपण कर्जासाठीही वापरतो. ख्रिस्ती मंडळी यातून सुटलेली नाहीत. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला जाऊन पाहावे : मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे. देवघर कोणाचेही असो, माणूस तोच. चर्चनेही एके काळी हिशेब इतका पुढे नेला की पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांसाठी पैसे मोजले जाऊ लागले, आणि १५१७ मध्ये लूथरने त्यावरून भांडण काढले. त्या भांडणाच्या मध्यवर्ती मुद्द्यावर, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेनेच की काय या प्रश्नावर, कॅथलिक आणि लूथरपंथीय चर्चनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या १९९९ साली. ४८२ वर्षे लागली. संस्थांची चाल ही अशी असते.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे वळतो. रेव्हरंड टिळक आपण कसे शिकवतो? फुलामुलांचे कवी, केशवसुतांचे समकालीन, आणि एका आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या परक्या माणसाने बायबल हाती दिल्यामुळे ख्रिस्ती झालेले गृहस्थ. १८९५ चा बाप्तिस्मा हा त्यांच्या चरित्रातला मोठा प्रसंग म्हणून येतो, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्याची घरातली बाजूही आपल्याला पाठ असते. १९१७ ची हकीकत मात्र टिपांमध्ये ढकलली जाते. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. पंचावन्न वर्षांचे वय, नाजूक प्रकृती, घरखर्च मिशनच्या पगारावर. १९०४ पासून ते दीक्षित पाळक होते, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन करीत होते, मिशनच्या दृष्टीने ते एक मोठे यश होते. त्यांनी ते यश होण्याचे नाकारले. ‘देवाचा दरबार’ म्हणून त्यांनी जी मंडळी जमवायला घेतली तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताचा अनुयायी कोण, हे मिशनच्या नोंदवहीने ठरवायचे नाही, एवढा त्याचा अर्थ. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

या प्रसंगाची आपल्याकडे एक लाडकी व्याख्या आहे. टिळक शेवटी ‘आपल्यात’ परतले. त्यांचे अभंग पाहा, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे तेच सांगत. म्हणजे मूळचा भागवत पिंड अखेर जिंकला! ही व्याख्या करणारे विद्वान प्रेमळ असतात, म्हणून ती अधिक फसवी आहे. टिळक परतले नाहीत. ज्यांना पूल म्हणतात त्यांवरून माणूस पलीकडे जातो. टिळक पलीकडे गेले होते आणि तिथेच राहिले. त्यांनी सोडला तो परक्यांच्या हातातला कारभार आणि त्यातून येणारा पगार. ख्रिस्ताला त्यांनी सोडले नाही, उलट ख्रिस्ताच्याच नावाने त्यांनी मिशनशी वाद घातला. हा वाद चर्चच्या आतला आहे. तो ‘आपल्या’ बाजूचा विजय म्हणून साजरा करणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या भांडणाचा आवाज ऐकून ते घर आपले आहे असे समजणे होय.

पंडिता रमाबाईंचे तर आपण त्याहून वाईट केले आहे. मराठीच्या वर्गात त्या समाजसुधारक म्हणून येतात आणि इतिहासाच्या वर्गाकडे रवाना होतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन, डोरोथिया बील आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत. ती वाचताना मला पहिल्यांदा समजले, की एका मराठी बाईने ऐन तारुण्यात, परक्या मुलुखात, ज्यांच्या छपराखाली राहायचे त्यांनाच किती निर्भयपणे प्रश्न विचारले. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही, तर तो पटल्याचे म्हणणार नाही. हिंदुस्थानातल्या बिशपांना तिने चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे योग्य वाटत नाही, तर त्यांनी त्यात पडू नये. भटांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली ती दुसऱ्या पाद्र्यांच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असा तिचा एकंदर सूर. ती मी ख्रिस्ताच्या चर्चची आहे असेही म्हणते, आणि बिशपच्या मुखातून निघालेला प्रत्येक शब्द मला बांधील नाही असेही म्हणते. दोन्ही विधाने ती एकाच दमात करते, आणि त्यांत तिला विसंगती दिसत नाही. मलाही दिसत नाही.

पुढे १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती करण्याचा आरोप झाला. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे चर्चला ही बाई पुरेशी ख्रिस्ती वाटेना आणि पुण्याला ती फारच ख्रिस्ती वाटू लागली. आणि खुद्द तिचे म्हणणे काय होते? १९०७ च्या आपल्या साक्षीत ती सांगते, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. कृपेविषयी मराठी माणसाने केलेले याहून धारदार विधान मला माहीत नाही. ते आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे : श्रद्धा खरी, संस्था खोटी. आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना हे वाक्य फार आवडते. चर्चासत्रात ते टाळ्या घेते. माझा खरा वाद या वाक्याशी आहे. कारण त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, १९०० च्या सुमारास गुजरातेतून, आणि माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे हे केवळ श्रद्धेने होत नाही. त्याला विहिरी लागतात, कोठार लागते, गोठा, माग, तेलघाणा, छापखाना लागतो. धान्य किती आले आणि किती उरले हे लिहिणारी बाई लागते. आणि परदेशातून आलेल्या पैशाचा चोख अहवाल लागतो. बिशपला जुमानले नाही अशा बाईने नोंदवह्या ठेवल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा अनुवाद तिने आपल्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापून घ्यायला लावला. १९२२ च्या एप्रिलमध्ये ती गेली आणि ग्रंथ पुरा बाहेर पडला तो १९२४ मध्ये. संस्था नसती तर हे झाले नसते. कृपा हिशेबाच्या पलीकडची असेल, भाकरी नाही.

मात्र इथेच आपला सर्वांत अवघड प्रश्न बसलेला आहे, आणि ख्रिस्ती मित्रांना तो आवडत नाही म्हणून मी तो गिळणार नाही. दुष्काळात उचलून आणलेली अनाथ पोर मोठी होता होता ख्रिस्ती होते, तेव्हा तिने निवड केली असे म्हणायचे का? भाकरी विनाअट होती, असे संस्थेने म्हणावे. पण ज्या घरात दुसरा कोणताही देव नाही तिथे अट उच्चारावी लागत नाही. मुक्ती मिशनचा गौरव करताना हा प्रश्न बाजूला सारणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्याचबरोबर ‘पोटासाठी बाटले’ हा जो शब्दप्रयोग आपण सहज तोंडातून टाकतो, त्यातला तुच्छभाव मला त्याहून असह्य होतो. पोट हे धर्म बदलण्याचे हीन कारण आणि आगगाडीतला संवाद हे उच्च कारण, हे कोणी ठरवले? उपाशी मुलीला जेवू घालणाऱ्याचा देव खरा वाटला, तर तिची ही मीमांसा चित्पावन कवीच्या मीमांसेहून कमी दर्जाची कशी? आणि ती उपाशी असताना आपले देव आणि आपल्या संस्था कुठे होत्या, हे विचारायचे कोणी?

याच ठिकाणी मला सोलापूर आठवते. आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवर, अमेरिकन मिशनच्या जुन्या कामाचे गाव. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे हिंदी ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केले. ते ‘जनता’त छापून आले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे उलटली होती, कोणता धर्म घ्यायचा हे ठरायचे होते, आणि समोर बसलेल्यांची अपेक्षा काय असेल ते सांगायला नको. बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचा आपला ओढा बोलून दाखवला. त्यानंतर त्यांनी विचारले ते चर्चला : दक्षिणेत ख्रिस्ती होऊनही जात का टिकून आहे, आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध लढायला का उभा राहत नाही? ख्रिस्ताचे नाव आदराने घेऊन त्याच्या संस्थेला हिशेब विचारण्याची ही रीत टिळकांची आणि रमाबाईंचीच आहे. फरक एवढाच, की विचारणारा उंबऱ्याबाहेर होता आणि बाहेरच राहिला. ख्रिस्ती अभ्यासक आणि आंबेडकरवादी अभ्यासक, दोघेही हे भाषण अर्धे-अर्धे उद्धृत करतात.

त्या प्रश्नाचे उत्तर अजून दिले गेलेले नाही. कृपेपुढे सर्व सारखे, असे सांगणाऱ्या समाजात लग्ने कुठे जमतात आणि दफनभूमीत जागा कुठे मिळते, हे पाहिले की पुरे. राज्यसंस्थाही यातून मोकळी नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो दिला गेला, दलित ख्रिश्चनांना नाही. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत म्हणून दाखल्यावर एक धर्म असतो आणि रविवारी दुसरा. सरकारला वाटते धर्म बदलला की जात गेली. पाळकाला ती गेली नाही हे माहीत असते. आणि मधल्या मध्ये माणूस दोन नोंदवह्यांत दोन नावांनी जगतो. या दुभंगाचे ललित लेखन मराठीत फार थोडे आहे. ज्याने ते लिहावे त्याला लिहिताच येणार नाही अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे, कारण लिहिले तर दाखला जातो.

चर्चने भाषेला काय दिले याचा हिशेबही असाच दुहेरी आहे. १६१६ मध्ये राचोलला छापलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आपण मराठीचा अभिमान म्हणून मिरवतो, मिरवावेच. जवळजवळ अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत छापलेल्या, एका इंग्रज जेझुइटाच्या. पण त्याच गोव्यात १६८४ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या आग्रहावरून व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ओवी लिहिणारा हात आणि जीभ छाटू पाहणारा हात एकाच झग्यातले नसतील, पण एकाच चर्चचे होते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५ नंतर, लॅटिन मिस्सेच्या जागी वसईत मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली. फादर दिब्रिटोंची दीक्षा त्यानंतरची, १९७२ ची. त्यांच्या नितळ मराठीचे ‘असूनही’ कौतुक करणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की ते मराठी चर्चला टाळून आलेले नाही. ते चर्चमध्ये, चर्चशी झटापट करून मिळवलेल्या जागेत वाढले.

अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत मी सुचवले होते, की ‘धर्म आणि साहित्य’ या घटकात टिळकांची १९१७ नंतरची भूमिका, रमाबाईंची निवडक पत्रे आणि सोलापूरचे भाषण एकत्र ठेवावे. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “पण यावर प्रश्न काय काढणार?” दुसऱ्यांनी सुचवले, की त्यापेक्षा ‘ख्रिस्ती साहित्यिकांवरील संतवाङ्मयाचा प्रभाव’ असे शीर्षक द्यावे, म्हणजे कोणाची हरकत येणार नाही. ठराव त्या शीर्षकानिशी पुढे गेला. मी सही केली.

सही केल्याचे वाईट वाटते, म्हणून हा लेख. येत्या सत्रात त्याच निरुपद्रवी शीर्षकाखाली मी ती पत्रे वाचायला घेणार आहे. १९७७ ची आवृत्ती आमच्या ग्रंथालयात नाही. सोलापूरच्या एका मित्राकडून झेरॉक्स आणवली आहे. काही पाने पुसट आहेत. मराठी अनुवाद वर्गातच करावा लागेल, आणि ‘ग्रेस’साठी कोणता शब्द घ्यायचा, कृपा की अनुग्रह, यावर पहिला तास जाईल असे दिसते. द्राक्षमळ्याला अन्याय म्हणणारा तो मुलगा यंदा दुसऱ्या वर्षाला आहे.